आसरांना बोललेलं लुगडं

नारू ज्याला झालेला नाही त्याला हे वाचून किळस येईल. ज्याला झाला आहे तो मात्र शेवटपर्यंत वाचेल, कारण आपल्याच पायातून जिवंत दोरा निघताना बघत बसलेल्या माणसाशी खरं बोलायला कुणी येत नाही. उपाय सांगायला सगळे येतात. माझ्याजवळही एक उपाय आहे, तो शेवटी सांगेन. आधी मी काय केलं ते सांगतो. ते सांगायचं मी आजवर टाळत आलो.

मी शिंपी. तामलवाडीच्या करोडगिरी, म्हणजे जकातीच्या नाक्यापासून कोसभर आत आमचं गाव. नाक्याच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं सोलापूर, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. घरात थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणतो, आणि सोनावहिनी. माझी बायको लग्नानंतर लवकरच तापानं गेली. मूलबाळ झालं नाही, पुन्हा लग्नही केलं नाही. ओसरीवर माझं पायाचं मशीन आणि मशीनमागं माझी गोधडी, एवढाच माझा संसार.

काडी

लढाईचा काळ होता. फाल्गुन सरता सरता माझ्या उजव्या घोट्यावर आग व्हायला लागली. निखारा ठेवल्यासारखी. मग फोड आला, तो फुटला, आणि त्यातून शेवईएवढं पांढरं टोक डोकावलं. वहिनींनी वाकून पाहिलं.

"नारूच हाय, भावजी. ह्यो उन्हाळा खाटंवरच काढायचा तुमी."

आमच्याकडं नारू नवा नव्हता. दर उन्हाळ्यात आळीत कुणी ना कुणी पडलेलं असायचंच. रीतही ठरलेली. निघालेलं टोक काडीला गुंडाळायचं, काडी पायाला बांधायची आणि रोज जेवढा आपणहून सैल होईल तेवढाच फिरवून घ्यायचा. ओढायचा नाही. ओढला की तुटतो, आतला भाग सडतो आणि पाय घेऊन जातो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मलाही ठाऊक होतं. पण लग्नसराई तोंडावर होती. कापड कंट्रोलवर, मोजूनमापूनच मिळायचं, आणि लोकांनी हातापाया पडून मिळवलेलं कापड माझ्यापुढं आणून टाकलं होतं. नवरदेवांच्या बंड्या, करवल्यांची पोलकी. मी काडी घोट्याला घट्ट बांधली आणि मशीनवर बसलो.

दादा ओरडला, "रंगा, पाय हलवू नगंस!"

"डाव्यानं चालवतो," मी म्हणालो.

आणि चालवलंही डाव्यानं. पण जन्माची सवय. लांब शिवण आली की उजवा पाय न सांगता पायडलवर जायचा.

दूध

आमच्या आळीची बारव जुनी, दगडी. पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि तळाची पायरीही उघडी पडते. तिथंच भिंतीतल्या कोनाड्यात शेंदूर फासलेले सात दगड आहेत, त्या साती आसरा, पाण्याच्या देवता. त्यांचा कोप झाला की नारू होतो असं आमच्याकडं मानायचे. म्हणून मागायचं तेही त्यांच्याकडंच, पाण्यात पाय सोडून. दुखरा पाय गार पाण्यात गेला की आग थांबायची, त्यामुळं मागणाऱ्याचा विश्वासही बसायचा.

मी भल्या सकाळी गेलो. तळाच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडला, डोळे मिटले आणि नवस बोललो: "माझा पाय राखा. मला मशीनवर बसू द्या. तुम्हाला हिरवं लुगडं नेसवीन."

डोळे उघडले तर घोट्याभोवती पाण्यात पांढरा ढग पसरत होता. कुणी दुधाची धार सोडावी तसा. आग थांबली होती आणि पाण्यात दूध दिसत होतं. मागितलं आणि तिथल्या तिथं उत्तर आलं, असं माझ्या आयुष्यात तेव्हा पहिल्यांदाच झालं. बायकोच्या वेळी मी रात्रंदिवस विनवण्या केल्या होत्या, तेव्हा काही दिसलं नव्हतं.

माझ्या बाजूच्याच पायरीवर वहिनी घागर बुडवत होत्या. "बरं वाटतंय का?" त्यांनी विचारलं. मी नुसती मान हलवली. दुधाचं बोललो नाही. अशी गोष्ट बोलून दाखवली की निघून जाते असं वाटलं. त्या घागर कमरेवर घेऊन वर गेल्या.

त्यानंतर मी रोज जाऊ लागलो. दूध हळूहळू कमी दिसायला लागलं. मला वाटलं, माझी भक्ती कमी पडते आहे. मग मी जास्त वेळ बसू लागलो.

नाका

एका बंडीची बाजू शिवताना घोट्यात कट्‌ झालं. आवाज झाला नसेलही, मला तसा आठवतो. काडी नुसतीच लोंबत होती. नारू तुटला होता.

पाय गुडघ्यापर्यंत सुजला, मग काळानिळा पडला. दादानं गाडी जुंपली. नाक्यावरच्या शिपायाला वाटलं, घोंगड्याखाली चोरून ज्वारी चालली आहे. त्यानं घोंगडं उचललं, माझा पाय पाहिला आणि "जाव, जाव" म्हणत तोंड फिरवलं. दादाला त्याही परिस्थितीत हसू आलं. "रंगा, तुझ्या पायाखाली चार पोती गेली असती रं." मीही हसलो. त्यानंतर बरेच दिवस हसलो नाही.

दवाखाना

सोलापूरच्या दवाखान्यात दादा मला ठेवून गेला. पेरणीचे दिवस जवळ येत होते, त्याला थांबता येणार नव्हतं. जाताना त्यानं माझ्या उशाशी शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवली आणि पायाकडं न बघता निघाला. दारापर्यंत गेला, परत आला, पुडी थोडी आत सरकवली, आणि मग गेला.

दवाखान्यातला एकटेपणा वेगळा असतो. माणसं सगळीकडं, पण प्रत्येक जण आपापल्या अवयवाजवळ बसलेला. सकाळी पट्ट्यांची गाडी यायची. तिचं एक चाक कुरकुरायचं. ते कानावर पडलं की खोलीतलं बोलणं थांबायचं आणि जो तो आपली पाळी मोजायचा. माझी जखम चिरून उघडी ठेवली होती. पट्टी निघताना मी चादरीचा शिवलेला काठ दातात धरायचो. शिवण कच्ची होती, एकेरी टाक्याची. आपण असं काम कधी केलं नसतं असं मनात यायचं. तेवढाच जिवाला विसावा.

पाय कापावा लागेल का, हे डॉक्टर अजून सांगत नव्हते. एका पायानं मशीन चालतं का, हे मी कुणाला विचारलं नाही.

शेजारच्या खाटेवर उमरग्याचे उस्मानचाचा होते. बांगड्या विकायचे. गाडीवरून पडून गुडघा धरला होता. खाटेवर बसूनच नमाज पढायचे, हात वर करून दुआ मागायचे, आणि दुआ संपली की दोन्ही हातांनी गुडघा धरून वाकवायचे. घाम फुटायचा, तोंडातून शिवी निसटायची, मग तौबा करायचे.

"चाचा, आत्ताच तर देवाचं नाव घेतलंत," मी एकदा म्हणालो.

"अरे दर्जी, त्येनं ऐकलं म्हनून काय तो येऊन माझा गुडघा वाकवनार हाय का? त्येनं ऐकलं असंल तर आता दुखंल पर वाकंल. न्हाय ऐकलं तर नुस्तंच दुखंल. वाकवल्याबिगर मला कळनार कसं?"

पाय राहणार असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवसापासून मीही सुरू केलं. आसरांचं नाव घ्यायचं आणि खाटेवर पडल्या पडल्या हवेत पायडल मारायचं. ताठलेला घोटा आधी हलायलाच तयार नव्हता.

चाचा म्हणायचे, "दर्जी, हवेत कुनाचा कुडता शिवतोय?"

"तुमचाच. माप द्या."

"पोटाचं घिऊ नको. हितल्या कांजीनं लई गेलंय, घरी जाऊन भरंल."

त्यांना सुट्टी मिळाली तेव्हा मला फार वाईट वाटलं. तरी निरोप देताना मी पोटाच्या मापाचंच बोललो. माझा स्वभावच तसा.

खरं निदान

जखम भरत आली असताना डॉक्टर खाटेजवळ टेकले. पाणी कुठलं पिता, विचारलं. पायऱ्यांच्या बारवेचं, मी म्हणालो.

"नारू निघाल्यावर पाय त्या पाण्यात घातला होता?"

मला वाटलं, हाच सांगायचा क्षण. मी नवसाचं सांगितलं आणि दुधाचंही. कुणाला न सांगितलेली ती एकच गोष्ट माझ्याजवळ होती, आणि ती मी जरा अभिमानानंच सांगितली.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हळू म्हणाले, "ते दूध नव्हतं. ती नारूची पिलं. डोळ्यांना वेगळी दिसत नाहीत इतकी बारीक. पाण्यातले बारीक किडे त्या पिलांना खातात, आणि ते पाणी जो पितो त्याच्या अंगात नारू वाढतो. वर्षभर त्याला काही कळत नाही. मग पाय फुटतो."

"मग प्यायलेल्यांना औषध?"

"प्यायल्यावर नाही. पिण्याआधी आहे. दुहेरी फडक्यातून पाणी गाळा, किडे फडक्यात अडकतात. आणि फुटलेला पाय पाण्यात जाऊ देऊ नका."

मला वहिनींची घागर दिसली. माझ्या बाजूच्या पायरीवर, त्या पांढऱ्या ढगापासून हातभर.

लोक विचारतात, दुखण्यातला सगळ्यात वाईट दिवस कोणता. नारू तुटला तो नव्हे. हा.

वर्ष

पाऊस लागला तेव्हा मी घरी आलो, काठी टेकत. वहिनींनी भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. दादानं मशीन पुसून ठेवलं होतं. मला त्याच घटकेला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

स्वतःला मी समजावलं की आता सांगून काय होणार, जे प्यायचं ते पिऊन झालं, प्यायल्यावर औषध नाही असं डॉक्टरच म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण पुढचा उन्हाळा होताच, आणि त्यासाठी सांगता आलं असतं. मी गप्प बसलो तो ह्याच ओसरीवर मला राहायचं होतं म्हणून. ह्या घराबाहेर मला कुणी नव्हतं.

माझ्या तांब्यावर मात्र मी दुहेरी फडकं बांधायचो. वहिनी हसायच्या. "सोलापूरचं वारं लागलं भावजींना. आमचं पानी गोड लागंना." "डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हणायचो, आणि तेवढंच म्हणायचो.

ते वर्ष मी लोकांचे पाय बघत काढलं. माप द्यायला आलेल्या माणसाच्या छातीवर टेप, आणि माझे डोळे खाली. वहिनी चुलीपुढं बसल्या की त्यांच्या घोट्यांकडं बघायचो. एकदा त्यांनी पदर सावरून पाय आत ओढले. त्यांना काय वाटलं असेल ह्या विचारानं मी जेवलो नाही, आणि का जेवलो नाही तेही सांगता आलं नाही.

मी रोज प्रार्थना करत होतो. ह्यांच्यापैकी कुणाला होऊ देऊ नका. एवढंच. चाचांचं वाकवणं मी घोट्यापुरतं शिकलो होतो. ह्या प्रार्थनेसाठी मला जे वाकवायचं होतं ते मी वाकवत नव्हतो.

घोटा मात्र सुधारला. मशीन पुन्हा चालू झालं. दिवाळीनंतर कंट्रोलच्या रांगेत उभा राहून मी हिरवं लुगडं मिळवलं आणि ट्रंकेत ठेवलं. चैत्रात आसरांना नेसवायचं होतं.

पायरी

पाडवा झाला, आणि वहिनींच्या डाव्या घोट्यावर फोड आला.

आळीत आणखीही घरांत निघाला. पण मला एकच पाय दिसत होता. फोड फुटला त्या सकाळी वहिनी हळदकुंकू घेऊन बारवेकडं निघाल्या. मी काठी न घेता मागं धावलो. त्या तळाच्या पायरीवर बसणार, तेवढ्यात मी आडवा आलो.

"वहिनी, पाय घालू नका पाण्यात."

"का वो? तुमी बसत हुता की रोज. तुमाला पावल्या, मला न्हाय पावायच्या व्हय?"

पाण्यावर आणखी बाया होत्या. मी खालच्या आवाजात म्हणालो, "डॉक्टरांनी सांगितलंय."

"कवा?"

"गेल्या साली."

मग मी सगळं सांगितलं. दूध काय होतं, घागर कुठं होती, मी वर्षभर काय जाणून होतो, तांब्यावर फडकं का बांधत होतो. बायांसमोर, मोठ्यानं. एकदा तोंड उघडल्यावर मला आवाज लहान करता येईना.

वहिनींनी हळदकुंकू कोनाड्यात ठेवलं. पाय पाण्यात घातला नाही. उठल्या, पायऱ्या चढल्या आणि माझ्या शेजारून जाताना म्हणाल्या, "तुमच्या तांब्यापुरतं कापड हुतं व्हय घरात?"

त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. ताट यायचं, वेळेवर, गरम. ताटाबरोबर शब्द यायचा नाही. त्यांच्या काडीला मला हात लावू दिला नाही, दादानंच फिरवली. नारू न तुटता निघाला, पण घोटा ताठला तो ताठलाच. आजही त्या लंगडतात. माझा पाय सरळ पडतो.

कात्री

त्याच दिवशी दुपारी मी ट्रंक उघडली. घरात दुसरं कोरं कापड नव्हतं, आणि गावातही मिळणार नव्हतं. मी लुगडं ओसरीवर पसरलं आणि कात्री घेतली.

दादा धावत आला. "अरे, देवीला बोललेलं लुगडं! कापतोस? आधीच काय कमी झालंय?"

"त्यांच्याच पाण्याला नेसवतो, दादा."

हे मी धीटपणे म्हणालो असं वाटेल. पण पहिला काप वाकडा गेला. आजवर मी कुणाचं कापड वाकडं कापलेलं नव्हतं. आसरा कोपल्या तर कोपोत, माझ्यावर कोपोत, एवढंच मनात म्हणत होतो. घागरीच्या तोंडाच्या मापाची दुहेरी फडकी कापली, काठ दुमडले, नाडी ओवली. मशीन चालवताना उजवा पाय दुखला. तो दुखला ते बरं वाटलं.

दुसऱ्या सकाळी बारवेच्या वरच्या पायरीवर जाऊन बसलो. पाण्याला येईल तिच्या घागरीवर फडकं बांधायचं, पाणी गाळूनच वर जाऊ द्यायचं. ज्यांचे पाय फुटले होते त्यांना मी वर बादलीत पाणी काढून द्यायचो, पाय तिथं गार करा म्हणायचो. बाया टोमणे मारायच्या. "शिंपीबुवा, आदी दूध पाजलं, आता गाळून पाजता व्हय?" मी खाली बघून गाठ मारायचो. काही जणींनी फडकी फेकून दिली. ती मी उचलून धुऊन पुन्हा आणायचो. एक म्हातारी पहिल्यांदा आपणहून घागर पुढं करून उभी राहिली, म्हणाली, "बांद बाबा, देवीचं लुगडं हाय. पानी बाटनार तर न्हाय."

मग हळूहळू बाकीच्याही थांबायला लागल्या. डॉक्टरांच्या नावानं जे झालं नसतं ते त्या लुगड्याच्या नावानं झालं. मी ते कापताना हा हिशेब केलेला नव्हता.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. मी बारवेवर जात राहिलो. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून आसरांशी बोलायचो. नवस बोलायचो नाही. नुसतं, आज इतकं झालं, असं.

पुढचा चैत्र आला. मी पुन्हा पाय बघू लागलो. वैशाख गेला. जेठ लागला. आमच्या घरात कुणाचा पाय फुटला नाही. आळीतही फुटला नाही.

पहिला पाऊस पडायच्या आधीच्या एका सकाळी वहिनी लंगडत बारवेवर आल्या. त्यांच्या हातात खण होता, नवा, हिरवा, जरीकाठी. त्याही आसरांना काही बोलल्या होत्या, ते मला ठाऊक नव्हतं. त्या भिंतीला धरून एकेक पायरी उतरल्या. मी हात पुढं केला, त्यांनी घेतला नाही. कोनाड्यापुढं खण ठेवला, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. मग खण उचलला आणि तशाच चढून माझ्यापर्यंत आल्या.

खण माझ्या मांडीवर टाकला.

"घ्या. ह्याची बी फडकी करा," त्या म्हणाल्या. वर्षाहून जास्त काळानं पहिल्यांदा. "आन दुहेरीच शिवा, भावजी. तुमाला कापड वाचवायची लई खोड हाय."